दहावीचा इतिहास मागं का पडतो? वहीवरच्या तारखा, चौदा धडे आणि घरच्यांचं काम

सोलापूर : घरात पोरगं किंवा पोरगी दहावीला गेली की चिंता सुरू होते ती गणिताची आणि इंग्रजीची. शिकवणी लावायची तर याच दोन विषयांची. विज्ञानाचं थोडंफार बघितलं जातं. इतिहासाचं नाव निघालं की 'त्याचं काय, शेवटी पाठ करता येतंय' एवढं म्हणून विषय संपतो. मग जानेवारीत सराव परीक्षा येते, पेपरात 'सकारण स्पष्ट करा' असा प्रश्न दिसतो, आणि वर्षभर पुस्तक न उघडलेल्या पोराला पहिली ओळसुद्धा सुचत नाही. तेव्हा हातात महिना-दीड महिना उरलेला असतो आणि समोर अख्खं पुस्तक.

ही गोष्ट हुशार-मठ्ठ असण्याची नाही. चांगल्या मुलांचाही इतिहास मागं पडतो. त्याची कारणं आपल्या शाळेच्या आणि शेतीच्या वेळापत्रकात आहेत आणि इलाजही तिथंच आहे. फार शिकलेल्या नसलेल्या आई-बापालाही यातलं बरंच काही करता येतं. ते कसं, ते इथं सोप्या भाषेत दिलं आहे.

विषय मागं पडण्याची कारणं

पहिलं कारण, या विषयाच्या तासिका गणित, विज्ञान, इंग्रजीच्या मानानं कमी असतात. पावसानं, सणानं, निवडणुकीच्या कामानं किंवा गुरुजींच्या प्रशिक्षणानं दोन तास बुडाले की आठवडाच गेला. गणिताचा एक तास बुडाला तर दुसऱ्या दिवशी परत गणित असतं. इतिहासाचं तसं नसतं.

दुसरं कारण, दहावीचं पुस्तक पालकांना वाटतं तसं नाही. इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, पानिपत आणि स्वातंत्र्यलढा अशी आपली समजूत. पण महाराजांचा इतिहास मुलं चौथीत आणि सातवीत शिकून आलेली असतात. दहावीला विषय वेगळा आहे. इतिहास लिहितात कसा, पुरावा म्हणजे काय, वर्तमानपत्रं आणि सिनेमा यांचा इतिहासाशी संबंध काय, खेळ, पर्यटन, जुन्या वस्तूंचं जतन, असे धडे आहेत. पहिलाच धडा 'इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा'. त्यात व्हॉल्टेअर, रांके, हेगेल, कार्ल मार्क्स, मिशेल फुको अशी नावं येतात. जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात ही नावं बघून पोरं बिचकतात. पहिला धडा डोक्यावरून गेला की पुस्तक दप्तराच्या तळाला जातं.

तिसरं कारण, पाठांतराचा भरवसा. बाजारात गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच मिळतात. 'परीक्षेच्या आधी एवढं पाठ केलं की झालं' असं मोठी मुलं सांगतात. पण समजल्याशिवाय पाठ केलेलं आठ दिवसांत विरतं. प्रश्न जरा फिरवून आला की पाठ केलेलं उत्तर तिथं बसतच नाही.

पेपर नेमका कसा असतो

इतिहास व राज्यशास्त्र हा दहावीचा ४० गुणांचा पेपर, वेळ दोन तास. भूगोलाचा दुसरा ४० गुणांचा पेपर. उरलेले २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. असे मिळून सामाजिक शास्त्रं हा १०० गुणांचा एक विषय होतो आणि उत्तीर्ण व्हायला ३५ गुण लागतात.

४० पैकी इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२ गुण. त्यांची वाटणी अशी :

- योग्य पर्याय निवडून विधान पूर्ण करा : ३ गुण
- चुकीची जोडी ओळखा : ३ गुण
- संकल्पनाचित्र, तक्ता पूर्ण करा : ४ गुण
- टीपा लिहा : ४ गुण
- सकारण स्पष्ट करा : ४ गुण
- उतारा वाचून उत्तरं : ४ गुण
- सविस्तर उत्तरं : ६ गुण
- राज्यशास्त्र – पर्याय २, चूक की बरोबर सकारण ४, संकल्पना स्पष्ट करा २, तक्ता वगैरे २, थोडक्यात उत्तर २ गुण

ही यादी नीट बघितली तर एक गोष्ट ध्यानात येते. पर्याय, जोड्या, तक्ते आणि उतारा हे मिळून इतिहासाच्या २८ पैकी १४ गुण होतात. निम्मे गुण असे आहेत की ज्याला पानभर लिहायची गरज नाही. ज्यानं धडा दोनदा नीट वाचला आणि नावं-गोष्टी जुळवल्या, त्याला ते मिळतात. उताऱ्याचे ४ गुण तर समोर दिलेला मजकूर शांतपणे वाचला तरी बरेचसे हाती लागतात. ज्या मुलाला वाटतं की आपल्याला इतिहास जमतच नाही, त्याला आधी हा हिशोब दाखवावा. भीती निम्मी तिथंच कमी होते.

चौदा धडे आणि दोन आठवड्यांचा नियम

दहावीच्या पुस्तकात इतिहासाचे ९ आणि राज्यशास्त्राचे ५ धडे आहेत. एकूण १४. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. एका धड्याला दोन आठवडे धरले तर १४ धड्यांना २८ आठवडे लागतात. त्यात दिवाळी सुट्टीचे दोनेक आठवडे धरले तरी जानेवारीच्या मध्याला पुस्तक पूर्ण होतं. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चमध्ये असते. म्हणजे उजळणीला महिनाभर तरी मिळतो.

दोन आठवड्यांत एक धडा म्हणजे रोजचा किती अभ्यास? अर्धा तासही नाही. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास एवढंच पुरतं. पहिल्या आठवड्यात धडा दोनदा वाचायचा आणि अवघड शब्द गुरुजी-बाईंना विचारायचे. दुसऱ्या आठवड्यात स्वाध्याय सोडवायचा आणि पुस्तक मिटून धडा सांगून बघायचा.

राज्यशास्त्राचे पाच धडे सगळे शेवटी ठेवायची चूक बरेच जण करतात. खरं तर गावातल्या मुलाला हे धडे सोपे जातात, कारण त्यातलं बरंच डोळ्यासमोर घडत असतं. इतिहासाचे दोन धडे झाले की राज्यशास्त्राचा एक घ्यावा. अवघडानंतर सोपं आलं की उत्साह टिकतो.

आपल्या जिल्ह्याचं वर्ष वेगळं चालतं

हे वेळापत्रक कागदावर सोपं आहे. पण सोलापूर जिल्ह्यातलं वर्ष कागदाप्रमाणं चालत नाही, हे धरूनच नियोजन केलं पाहिजे.

शाळा सुरू होते न होते तोच आषाढी येते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर या वाटेनं आणि तुकाराम महाराजांची अकलूज, बोरगाव या वाटेनं पंढरपूरकडं जाते. वाटेवरच्या गावांत त्या दिवसांत घरंदारं पाहुण्यांनी आणि वारकऱ्यांनी भरलेली असतात. पोरं पाणी वाटण्यात आणि पंगतीत. ते बरंच आहे, पण तो आठवडा अभ्यासातून वजाच धरावा.

पुढं गणपती, नवरात्र, कोजागरीला तुळजापूरला चालत जाणं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. बाहेरून टोळ्या येतात, आपल्याकडंही वाहतुकीला, तोडीला, पाणी द्यायला हात लागतात. दहावीचा पोरगा ट्रॅक्टर चालवायला येतोय म्हटल्यावर त्याला रात्रीच्या खेपेला पाठवण्याचा मोह होतो. जानेवारीत संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी भागात ज्वारीची काढणी जानेवारीनंतर सुरू होते. पंढरपूर भागात त्याच सुमाराला द्राक्षं आणि बेदाण्याची धांदल. म्हणजे ज्या दोन महिन्यांत मुलाला सगळ्यात जास्त वेळ पाहिजे, त्याच दोन महिन्यांत रानातलं काम सगळ्यात जास्त असतं.

म्हणून आपल्याकडच्या मुलानं इतिहासाचा भार जून ते ऑक्टोबरमध्ये उचलला पाहिजे. शाळा सुरू झाल्यावर दर महिन्याला दोन धडे, तेही खाडा न करता. दिवाळीपर्यंत नऊ धडे झाले तर नंतरची ओढाताण फार जाणवत नाही. आणि फेब्रुवारीत काढणीला मजूर मिळत नाहीत म्हणून दहावीच्या लेकराला शाळेतून काढून रानात नेण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की चार दिवसांची मजुरी वाचते, पण वर्ष गेलं तर ते परत विकत मिळत नाही.

तोडीसाठी घर सोडून जाणाऱ्या कुटुंबांची अडचण याहून मोठी. लहान मुलांसाठी काही ठिकाणी हंगामी वसतिगृहं चालतात. दहावीच्या मुलाला शक्यतो आजी-आजोबांकडं, मामा-आत्याकडं गावातच ठेवावं. तेही जमत नसेल तर जाण्याआधी शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटावं, परीक्षेचा अर्ज भरला आहे का ते बघावं, अंतर्गत मूल्यमापनाचं काय करायचं ते ठरवून घ्यावं. न सांगता गेलं की २० गुणांचं काम अडून बसतं.

वही बघायला वाचता आलंच पाहिजे असं नाही

'आम्ही अडाणी, आम्हाला त्यातलं काय कळतंय' असं बरेच पालक म्हणतात. पण पोरगं मागं पडलंय का, हे ओळखायला इतिहास येण्याची गरज नाही. आकडे वाचता आले तरी पुरे.

इतिहासाची वही हातात घ्यावी. पानाच्या वर तारीख लिहिलेली असते. शेवटची तारीख कोणती आहे ते बघावं. आज ऑगस्टची २० तारीख आहे आणि वहीतली शेवटची तारीख ५ जुलै असेल, तर दीड महिना गेला. मग मधल्या तारखा बघाव्यात. दोन तारखांमध्ये पंधरा-वीस दिवसांची भोकं असतील तर तिथला धडा सुटलेला आहे. तिसरी गोष्ट, लाल शाईची सही. धड्याच्या शेवटी गुरुजींची सही नसेल तर ते काम तपासायला दिलेलंच नाही. चौथी गोष्ट, अर्धी सोडलेली पानं. प्रश्न लिहिलाय आणि खाली जागा रिकामी आहे, याचा अर्थ उत्तर आलं नाही आणि पोरानं कुणाला विचारलंही नाही.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या रविवारी करावी. रोज पाठीमागं लागण्यापेक्षा हे बरं. रोज ओरडा खाल्ला की पोरं वही लपवायला शिकतात. ठरलेल्या दिवशी शांतपणे बघितलं की वही तयार ठेवायला शिकतात.

भोक सापडलं तर रागावून काही होत नाही. कोणता धडा, किती पानं, कधीपर्यंत भरायची, एवढं ठरवावं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगावं. शेजारच्या वर्गमित्राची वही दोन दिवस आणून उतरून काढता येते. पण नुसतं उतरवणं म्हणजे अभ्यास नव्हे. आधी धडा वाचायचा, मग वही भरायची.

आजीला धडा सांगता आला तर समजला

बरीच मुलं धडा चार-चार वेळा वाचतात आणि तरीही परीक्षेत आठवत नाही. त्याचं कारण साधं आहे. पुस्तक समोर असताना सगळंच ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेल्यातलं सगळ्यात जास्त सुरुवातीच्या काळातच विसरलं जातं, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून शिकल्यावर लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदा आठवून बघितलं तर ते पक्कं होतं. पिकाला उगवणीच्या वेळचं पाणी चुकलं तर नंतर कितीही दिलं तरी पीक उभारी धरत नाही, तसंच हे.

आठवून बघायची सोपी रीत म्हणजे पुस्तक मिटून दुसऱ्याला सांगणं. संध्याकाळी चूल पेटलेली असताना आईला, धार काढताना बापाला, नाहीतर ओसरीवर आजीला. ऐकणाऱ्यानं फक्त तीन प्रश्न विचारायचे : हे कोणी केलं? कधी केलं? त्यानं काय फरक पडला? पोरगं पहिल्या दोनला उत्तर देतं आणि तिसऱ्याला अडखळतं, तर धडा पाठ झालाय पण समजलेला नाही. परीक्षेतले 'सकारण' प्रश्न याच तिसऱ्या प्रश्नावर असतात.

उदाहरणार्थ, राज्यशास्त्राच्या पहिल्या धड्यात महिलांच्या आरक्षणाचा विषय येतो. १९९२-९३ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींमध्ये आणि नगरपालिकांमध्ये महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये ते प्रमाण ५० टक्के केलं. हे पोरीनं आजीला सांगितलं की आजी लगेच विचारते, 'म्हणून काय गं आपल्याकडं सरपंच बाई झाली?' हाच तो 'काय फरक पडला' प्रश्न. पोरीनं दिलेलं उत्तर पेपरातही लिहिता येतं.

अशीच एक गोष्ट निवडणुकीच्या धड्यातली. लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक भारताचा निवडणूक आयोग घेतो आणि ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची राज्य निवडणूक आयोग घेतो. पारावर बसणाऱ्या मोठ्या माणसांपैकीही अनेकांना हा फरक सांगता येत नाही. पोरानं तो समजावून सांगितला की त्याला आयुष्यभर विसरत नाही.

गावाजवळचा इतिहास धड्याला जोडा

पुस्तकातली परकी नावं डोक्यात राहत नाहीत, कारण ती कशाला टांगायची तेच कळत नाही. टांगायला खुंट्या आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत.

इतिहासाची साधनं म्हणजे पुरावे. लिखित, भौतिक आणि मौखिक असे त्यांचे प्रकार मुलांना लिहावे लागतात. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल इथं शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांच्यामुळं तो लोकांसमोर आला. हा लिखित पुरावा. करमाळ्याचा किल्ला, सोलापूरचा भुईकोट हा भौतिक पुरावा. आजीच्या जात्यावरच्या ओव्या हा मौखिक पुरावा. तीन प्रकार, तीन उदाहरणं, टीप तयार.

मंगळवेढा तालुक्यात माचणूरला यात्रेला जाणाऱ्यांनी तिथला किल्ला बघितलेला असतो. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात भीमेकाठी याच भागात होती. पर्यटनाच्या धड्यात ऐतिहासिक स्थळाचं उदाहरण द्यायचं तर लांबच्या ताजमहालापर्यंत जायला नको.

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात उठाव झाला, इंग्रजांनी शहरात लष्करी कायदा लावला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. सोलापुरातल्या चार हुतात्मा चौकातून एसटीनं जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ही चार नावं यायला पाहिजेत. कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे, म्हणजे प्रसारमाध्यमांच्या धड्याचा धागाही इथंच मिळतो.

कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे डॉक्टर १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. मे १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं. कीर्तन आणि भारूड हे तर मनोरंजनाच्या माध्यमांच्या धड्यातच आहेत. सप्त्यात बसून ऐकलेलं कीर्तन आठवून लिहिलं, तर पूर्वरंग-उत्तररंग ही टीप पाठ करायची गरजच राहत नाही.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवावा. स्थानिक उदाहरण हे समजण्यासाठी आणि 'उदाहरण देऊन स्पष्ट करा' म्हटलं तर लिहिण्यासाठी. पुस्तकातले मुद्दे आधी, गावचं उदाहरण नंतर. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ऐतिहासिक गोष्टी तर उत्तरपत्रिकेत आणूच नयेत. ते खरं कशावरून, हा प्रश्न विचारायला शिकवणं हेच या पुस्तकाचं मुख्य काम आहे.

मोबाईल कामाला लावा

पुस्तक फाटलं, हरवलं किंवा भावाचं जुनं आहे, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. एकदा उतरवून घेतली की वस्तीवर रेंज नसली तरी उघडतात. पुस्तकावर चौकोनी क्यूआर कोड असतो. तो दीक्षा ॲपमधून स्कॅन केला की धड्यावरचं साहित्य बघायला मिळतं. या क्यूआर कोडच्या कामाशी आपल्याच जिल्ह्याचं नाव जोडलेलं आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तो पुस्तकात आणला आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

पण मोबाईल हा बैलासारखा आहे, कासरा आपल्या हातात पाहिजे. धडा बघायला म्हणून घेतलेला मोबाईल दहा मिनिटांत रील्सवर जातो. अर्ध्या तासाच्या अभ्यासात पहिली वीस मिनिटं मोबाईल आईजवळ, शेवटची दहा मिनिटं गरज असेल तर हातात, असा नियम केला तर भांडण होत नाही. लिहिलेल्या उत्तराचा फोटो काढून शिक्षकांना किंवा हुशार वर्गमित्राला पाठवणं, ही मोबाईलची सगळ्यात चांगली मदत.

दिवाळीपर्यंत मागं पडलेल्यांनी काय करावं

समजा, दिवाळीनंतर वही बघितली आणि नऊच्या जागी चारच धडे झालेले निघाले. घाबरून जाण्यासारखं काही नाही. १० धडे उरले आणि नोव्हेंबर ते जानेवारी अखेर साधारण १२ आठवडे आहेत. आठवड्याला एक धडा घेतला तरी १० आठवड्यांत पुस्तक संपतं आणि दोन आठवडे हातात राहतात.

क्रम मात्र बदलावा. आधी राज्यशास्त्राचे उरलेले धडे, कारण ते लवकर होतात. मग खेळ, मनोरंजन, प्रसारमाध्यमं, पर्यटन आणि जतन हे ओळखीचे धडे. इतिहासलेखनाचे दोन अवघड धडे शेवटी, पण सोडायचे नाहीत. त्यातली नावं आणि त्यांचं काम यांचा एक तक्ता भिंतीवर चिकटवावा. जोड्यांच्या आणि पर्यायाच्या प्रश्नांना तो कामी येतो. प्रत्येक धड्याचा आधी स्वाध्याय वाचावा, मग धडा. काय शोधायचं ते माहीत असलं की वाचन भरभर होतं.

लिहिण्याचा सराव जानेवारीत तरी झालाच पाहिजे. दोन तास घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी. दोन गुणांच्या उत्तराला दोन ठळक मुद्दे, तीन गुणांच्याला तीन-चार, आणि प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर. चूक की बरोबर विचारल्यावर नुसतं 'चूक' लिहून थांबू नये, कारण लिहावं. टीपेत विषय सोडून पानभर लिहिण्यापेक्षा पाच नेमक्या ओळी बऱ्या.

गुण कमी पडले तरी

या सगळ्यात खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे. दहावीला एखादा विषय राहिला की गावात मुलगा ट्रॅक्टरवर किंवा पुण्याला कंपनीत जातो आणि मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात होते. एका राहिलेल्या विषयापायी आयुष्याची दिशा बदलते. त्याची गरज नसते.

दहावीच्या निकालानंतर लगेच जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीत अकरावीला प्रवेश मिळू शकतो. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येतं. आपला जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो, पण अर्जासाठी पुण्याला जावं लागत नाही, शाळेतूनच होतं. मुलीचं लग्न अठरा वर्षांआधी लावणं हा गुन्हा आहे आणि असं कुठं घडत असेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फुकट फोन करता येतो.

आणि इतिहास-राज्यशास्त्र हा विषय दहावीनं संपत नाही. पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससी, सगळीकडं तो परत समोर येतो. पहाटे मैदानावर धावणारी गावातली पोरं पळण्यात कमी पडत नाहीत, लेखी परीक्षेत अडतात. दहावीत नीट समजलेलं तिथं कामाला येतं.

येत्या रविवारी रानातून आल्यावर हातपाय धुऊन इतिहासाची वही मागून घ्यावी. शेवटची तारीख बघावी. भोक दिसलं तर कोणता धडा ते मागच्या पानावर लिहायला सांगावं, आणि सोमवारी तोच धडा घरात कुणालातरी ऐकवायला बसवावं.